गिटारची टॅब वाचायची कशी? नव्यानं शिकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी लातुरात संध्याकाळी गिटार शिकवतो. येणाऱ्यांत निम्मी लेकरं अकरावी-बारावीची, क्लाससाठी नांदेड, बीड, धाराशिवकडून येऊन होस्टेलवर राहणारी. बाकी नोकरदार मंडळी, दोन शिक्षिका आणि गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक काका. टॅबबद्दल पहिल्या महिन्यात सगळ्यांचे प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून ते उत्तरांसकट इथं लिहून ठेवतोय. जिंतूर, भूम, किनवट अशा ठिकाणी जवळ शिकवणारं कुणी नाही आणि हातात फक्त गिटार आणि मोबाइल आहे, त्यांचा विचार करून जरा सविस्तर लिहिलंय.

टॅब म्हणजे नेमकं काय?

गिटारच्या तारांचं कागदावर काढलेलं चित्र. सहा आडव्या रेषा म्हणजे सहा तारा. रेषेवरचा आकडा म्हणजे त्या तारेवर कितव्या फ्रेटला (गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेले कप्पे) बोट दाबायचं ते. ० म्हणजे बोट न लावता मोकळी तार छेडायची. वाचायचं डावीकडून उजवीकडे, आपल्या नेहमीच्या वाचनासारखं.

पेटी येणाऱ्यांना लगेच कळावं म्हणून भूप रागाचा आरोह, म्हणजे चढते सूर, घेऊ. सा धरलाय पांढरी एकचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा.

```
१|------------------------|
२|----------------------१-|
३|--------------०---२-----|
४|------०---२-------------|
५|--३---------------------|
६|------------------------|
   सा  रे  ग   प   ध  सां
```

उभ्या रेघेच्या डावीकडचा आकडा तारेचा क्रमांक आहे, तो वाजवायचा नाही. पहिली तार सगळ्यात बारीक, सहावी सगळ्यात जाड. आता वाचा: पाचव्या तारेवर तिसरा फ्रेट, मग चौथी तार मोकळी, चौथ्या तारेवरच दुसरा फ्रेट, तिसरी मोकळी, तिसरीवर दुसरा, आणि शेवटी दुसऱ्या तारेवर पहिला. भूप वाजला. ज्यानं आयुष्यात कधी गिटार धरली नाही, तोही हे अर्ध्या तासात वाजवतो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

इंटरनेटवरच्या टॅबमध्ये आकडे इंग्रजी असतात, आणि तारांच्या क्रमांकाऐवजी त्यांची नावं असतात. वरून खाली ई, बी, जी, डी, ए, ई. वरचा ई लहान लिपीत लिहितात आणि खालचा मोठ्या, म्हणजे बारीक आणि जाड यांत घोळ होत नाही.

गिटारवर तर जाड तार वर असते. मग टॅबमध्ये ती खाली का?

इथं जवळजवळ प्रत्येक जण अडकतो. गिटार मांडीवर घ्या आणि तिचं तोंड छताकडे होईल अशी आडवी पाडा. आता खाली बघा. जाड तार तुमच्या पोटाजवळ आली, बारीक तार लांब गेली. टेबलावर कागद ठेवला तर त्याची खालची कड आपल्या पोटाकडे आणि वरची कड लांब असते. टॅब तशीच काढलेली आहे. शिवाय सूर जसा चढतो तसा आकडा कागदावर वर सरकतो, हाही एक फायदा.

माझ्याकडे औशाहून येणारा एक मुलगा आठ दिवस एक धून उलटी वाजवत होता. बारीक तारेचे आकडे जाडीवर, जाडीचे बारीकवर. आल्यावर म्हणाला, "सर, आकडे सगळे बरोबर दाबायलोय, पण गाणं जमना गेलंय." बोटं खरोखरच नीट पडत होती, फक्त चित्र उलटं धरलं होतं. तेव्हापासून वर्गात "वरची तार", "खालची तार" हे शब्द मी बंदच केले. बारीक तार, जाड तार, किंवा सरळ क्रमांक. तुम्हीही घरी सराव करताना मनात हेच शब्द ठेवा.

३ लिहिलंय म्हणजे तिसरं बोट लावायचं का?

नाही. ३ म्हणजे तिसरा फ्रेट. बोट कोणतं, हे साधी टॅब सांगत नाही. सुरुवातीला एका फ्रेटला एक बोट हा नियम धरा: पहिल्या फ्रेटला तर्जनी, दुसऱ्याला मधलं, तिसऱ्याला अनामिका, चौथ्याला करंगळी. वरच्या भूपात सा अनामिकेनं येईल, ग आणि ध मधल्या बोटानं, वरचा सां तर्जनीनं. टॅब पाचव्या फ्रेटच्या पुढं गेली की अख्खा हात तिकडं सरकवायचा आणि तिथून पुन्हा हाच हिशेब.

बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीवर ठेवायचं नसतं. पट्टीच्या अलीकडे, तिला जवळजवळ टेकून. मधोमध दाबलं तर जास्त जोर लागतो आणि तार खरखरते.

फ्रेट आणि पेटीच्या पट्ट्या यांचा काही संबंध आहे का?

आहे, आणि मराठवाड्यातल्या शिकणाऱ्याला याचा मोठा आधार होतो. आपल्याकडे गावोगावी भजनी मंडळ आहे, मंडळात पेटी आहे, आणि घरात कुणाला ना कुणाला "काळी दोन", "पांढरी चार" ही भाषा येते.

एक फ्रेट पुढं जाणं म्हणजे पेटीवर लगेचच्या पुढच्या पट्टीवर जाणं, मग ती काळी असो की पांढरी. पहिली तार मोकळी छेडली की पांढरी तीन. तिच्यावर पहिला फ्रेट म्हणजे पांढरी चार, कारण पांढरी तीन आणि चार यांच्यामध्ये काळी नसते. दुसरा फ्रेट काळी तीन, तिसरा पांढरी पाच. असं बाराव्या फ्रेटपर्यंत मोजत गेलं की पुन्हा पांढरी तीन येते, एक सप्तक वरची. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तारेची लांबी निम्मी झाली की सूर एक सप्तक चढतो.

फरक एवढाच की पेटीवर एका सुराला एकच पट्टी, आणि गिटारवर तोच सूर चार-पाच ठिकाणी सापडतो. पहिली तार मोकळी, दुसरीचा पाचवा फ्रेट, तिसरीचा नववा, चौथीचा चौदावा: सगळीकडे नेमका तोच सूर. ऐकायला मात्र रंग वेगळा. बारीक तारेवर तो चकचकीत येतो, जाड तारेवर भरदार. पाश्चात्त्य पाच रेषांच्या लिपीत सूर कळतो, पण तो कोणत्या तारेवर घ्यायचा हे आपलं आपण ठरवावं लागतं. टॅब थेट जागाच दाखवते. नव्या माणसासाठी टॅबची खरी किंमत इथं आहे.

ट्यूनर नाही. पेटीवर गिटार लावता येईल का?

येईल. जाड तारेपासून बारीककडे जाताना मोकळ्या तारांच्या पट्ट्या अशा: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, पांढरी तीन. सप्तक कानानं ओळखायचं. खुंटी पिळताना तार भलतीच ताणली जातेय असं वाटलं तर थांबा, तुम्ही एक सप्तक वर चाललाय. तार तुटली की चेहऱ्याला लागू शकते.

एकच तार नक्की लागलेली असेल तर बाकीच्या तिच्यावरून लावता येतात. सहाव्या तारेचा पाचवा फ्रेट म्हणजे मोकळी पाचवी तार. पाचवीचा पाचवा म्हणजे चौथी. चौथीचा पाचवा म्हणजे तिसरी. इथं सावध: दुसरी तार तिसरीच्या *चौथ्या* फ्रेटवरून लावायची. मग पुन्हा दुसरीचा पाचवा म्हणजे पहिली.

जुन्या पेट्यांचे सूर कधीकधी आजच्या प्रमाण पट्टीपेक्षा थोडे वर किंवा खाली असतात. त्या पेटीसोबतच वाजवायचं असेल तर काही बिघडत नाही. पण मोबाइलवरच्या गाण्यासोबत वाजवायचं असेल तर मोबाइलवरचंच एखादं ट्यूनरचं ॲप वापरा. त्यात पाचव्या तारेला ११० हर्ट्झ आणि पहिलीला ३२९.६ हर्ट्झ दिसलं की समजा बरोबर लागली.

आकडे एकावर एक लिहिलेत, त्याचा अर्थ काय?

एकाच वेळी छेडायचे. म्हणजे कॉर्ड. सी मेजर असा दिसतो:

```
१|--०--|
२|--१--|
३|--०--|
४|--२--|
५|--३--|
६|--×--|
```

× असलेली तार वाजवायची नाही. हाच कॉर्ड लोक कधीकधी एका ओळीत "×३२०१०" असा लिहितात. तिथं क्रम जाड तारेकडून बारीककडे असतो, टॅबच्या वरून-खाली क्रमाच्या उलटा. दोन्ही पद्धती एकाच पानावर असतील तर आधी हे तपासा.

मी संगीत विशारदच्या परीक्षा देतोय. टॅबमधलं ० आणि × बघून गोंधळ होतो.

होणारच. भातखंडे पद्धतीत तालाच्या खाली × आला की सम (तालाची पहिली मात्रा), आणि ० आलं की 'खाली' (जिथं टाळी देत नाहीत ती मात्रा). टॅबमध्ये ० म्हणजे मोकळी तार आणि × म्हणजे न वाजणारी, किंवा डाव्या हातानं नुसती झाकून ठक्क असा आवाज काढायची तार. दोन्ही खुणा तुमच्या मनात आधीच पक्क्या बसलेल्या असतात, म्हणून तुम्हाला इतरांपेक्षा चार दिवस जास्त त्रास होतो. वहीत तालाच्या खुणा टॅबच्या खाली वेगळ्या रंगानं लिहा.

आकडे सगळे बरोबर वाजतात, तरी गाणं गाण्यासारखं का वाटत नाही?

सगळ्या प्रश्नांत महत्त्वाचा हा, म्हणून इथं थोडा वेळ थांबतो.

भजनाची वही डोळ्यांसमोर आणा. वहीत अभंगाचे शब्द असतात. चाल नसते. तरी काकांनी वही उघडली की अभंग चालीत सुरू होतो, कारण चाल त्यांच्या कानात लहानपणापासून आहे. ती वही परक्या माणसाच्या हातात दिली तर तो शब्द वाचेल, अभंग म्हणू शकणार नाही. साधी टॅब अगदी तशी असते. बोट *कुठं* ठेवायचं ते ती सांगते. *केव्हा* ठेवायचं आणि किती वेळ धरायचं, ते बहुतेक वेळा सांगत नाही. दोन आकड्यांत जागा जास्त सोडली असेल तर थोडं थांबायचं असावं असा अंदाज बांधता येतो, पण लिहिणाऱ्यानं ती जागा विचारपूर्वक सोडलीय याची खात्री नसते.

म्हणून माझ्या वर्गात नियम आहे: गाणं गुणगुणता येत नाही तोवर त्याची टॅब उघडायची नाही. आधी दहा वेळा ऐका. टाळी देत ऐका. सूर थोडा इकडं-तिकडं झाला तरी चालेल, पण तोंडानं म्हणता आलं पाहिजे. मग टॅब घ्या. आता बोट कानाच्या मागं जाईल.

दुसरा उपाय आपल्याच भातखंड्यांनी देऊन ठेवलाय. त्यांच्या स्वरलिपीत प्रत्येक मात्रेला जागा असते, आणि सूर लांबला तर आडवी रेघ, शब्द लांबला तर ऽ लिहितात. टॅबमध्ये आडव्या रेघा आधीच आहेत, म्हणून आपण सुरालाही ऽ घेऊ. टॅबच्या खाली मात्रा लिहायला सुरुवात करा. वरचाच भूप आठ मात्रांच्या केरव्यात बसवू:

```
१|----------------|----------------|
२|----------------|----------१-----|
३|----------------|--०---२---------|
४|----------०---२-|----------------|
५|--३-------------|----------------|
६|----------------|----------------|
   १   २   ३   ४    ५   ६   ७   ८
   सा  ऽ   रे  ग    प   ध   सां  ऽ
```

पायानं मात्रा द्या, किंवा मोबाइलवर तबल्याचा ठेका लावा, एकदम संथ. दुसऱ्या मात्रेला काहीच छेडायचं नाही, पण अनामिका पाचव्या तारेवरून उचलायचीही नाही. सा तिथं चालू आहे. इथंच बहुतेकांचं चुकतं. पुढचा आकडा दिसला की बोट लगेच उचलून पळतं, आणि सा अर्ध्यातच मरतो. दाबलेलं बोट दुसऱ्या मात्रेभर धरून ठेवलं आणि बरोबर तिसरीला रे छेडला, की त्याच सहा आकड्यांत एकदम जीव येतो. शेजारी बसलेल्यांनाही तो फरक ऐकू येतो.

मधे इंग्रजी अक्षरं आणि तिरक्या रेघा असतात. त्या सगळ्या पाठ करायच्या का?

एकदम नाही. ज्या गाण्यात येतील त्या शिका. नेहमी येणाऱ्या थोड्याच आहेत.

दोन आकड्यांमध्ये *एच* असेल, म्हणजे समजा ५एच७, तर पाचवा फ्रेट छेडायचा आणि सातव्यावर बोट हातोडीसारखं आपटायचं, पुन्हा छेडायचं नाही. याचं नाव हॅमर-ऑन. *पी* म्हणजे पुल-ऑफ, बरोबर उलटं: सातव्यावरचं बोट तारेला हलकं ओढत काढायचं, की पाचवा आपोआप वाजतो. सतार ऐकणाऱ्यांना हे नवं नाही. सतारीवर यालाच कृंतन म्हणतात.

तिरकी रेघ म्हणजे स्लाइड. बोट दाबलेलंच ठेवून एका फ्रेटवरून दुसऱ्यावर घसरत जायचं. *बी* म्हणजे बेंड: तार फ्रेटवरच आडवी ओढून सूर चढवायचा. ७बी९ असेल तर सातव्या फ्रेटवर तार इतकी ओढा की नवव्याचा सूर ऐकू येईल. आधी नववा फ्रेट साधा वाजवून कानात ठेवा, मग ओढा, नाहीतर सूर अर्ध्यावर लटकतो. आपल्या मींडेचे (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) हे दोन्ही जवळचे नातेवाईक. सतारीची मींड तार ओढून येते, सरोदाची पट्टीवर बोट घसरवून. म्हणून ज्यांनी थोडं शास्त्रीय ऐकलंय त्यांचा बेंड पटकन सुरात येतो. जाड तारांच्या साध्या ॲकॉस्टिक गिटारवर मात्र पूर्ण एका सुराचा बेंड नवख्या बोटांना झेपत नाही. सहा महिने तो सोडून द्या, त्या जागी स्लाइड घ्या.

नागमोडी रेघ म्हणजे सूर हलवायचा, व्हायब्रेटो. *पीएम* म्हणजे उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ (गिटारच्या पोटावर तारा जिथं अडकवलेल्या असतात तिथं) तारांवर टेकवून आवाज दबका करायचा. होस्टेलवर रात्री सराव करणाऱ्यांना हे फार उपयोगी पडतं, शेजारच्या खोलीतला अभ्यास मोडत नाही.

नेटवरची टॅब चुकीची असू शकते का?

हो, आणि बऱ्याचदा असते. त्या टॅब बहुतेक करून ऐकणाऱ्या लोकांनीच कानानं लिहून टाकलेल्या असतात. कुणाचा कान तयार असतो, कुणाचा नसतो. गाणं तुम्हाला गुणगुणता येतंय आणि एका ठिकाणी आकडा खटकतोय, तर कानावर भरवसा ठेवा. आजूबाजूचा एक फ्रेट वर किंवा खाली वाजवून बघा. पुष्कळदा तिथंच सापडतं. दुसरी खूण म्हणजे हातावरची: एकाच वेळी दुसरा आणि नववा फ्रेट दाबायला सांगितला असेल, तर तो सूर बहुधा वेगळ्या तारेवर घ्यायचा असतो.

चूक टॅबची आहे की गिटारची, हेही बघावं लागतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत गिटार राहिली तर सरस मऊ पडून ब्रिज उचलला जातो, नेक (दांडी) वाकते, आणि बरोबर फ्रेट दाबूनही सूर चढा लागतो. तपासायची सोपी रीत आहे. बाराव्या फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, घंटीसारखा सूर येईल. मग तोच बारावा फ्रेट दाबून छेडा. दोन्ही एकसारखे आले पाहिजेत. तफावत स्पष्ट कळत असेल तर गिटार दुरुस्तीला न्या आणि टॅबला दोष देऊ नका.

मोबाइलवर किंवा प्रिंटमध्ये आकडे सरकलेले दिसतात. काय करू?

हे माझ्यावर गुदरलंय. बारावीनंतर एका सायबर कॅफेतून मी पहिली टॅब प्रिंट करून घेतली. तिथल्या मुलानं ती नेहमीच्या पत्राच्या फॉन्टमध्ये टाकून छापली. त्या फॉन्टमध्ये आडवी रेघ अरुंद आणि आकडा रुंद, त्यामुळं ज्या रेषेवर आकडे जास्त ती रेषा लांबली आणि एकाखाली एक असायचे ते आकडे तिरके झाले. कॉर्ड होता, तो मी एकेक सूर करून वाजवत बसलो. आठवडाभर वाटत राहिलं की आपल्यालाच येत नाही. मग एका मित्राकडे तीच टॅब कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिली तेव्हा उलगडा झाला.

म्हणून टॅब नेहमी अशा फॉन्टमध्ये ठेवा ज्यात प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. कुरिअर न्यू हा फॉन्ट जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरवर असतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना मजकुराच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक टाकल्या की तोच परिणाम मिळतो. मोबाइल उभा धरला तर लांब ओळी मोडून खाली येतात आणि सहाच्या बारा रेषा दिसायला लागतात. मोबाइल आडवा करा. वही सगळ्यात बरी. सहा रेषा पट्टीनं आखून हातानं उतरवलेली टॅब निम्मी तिथंच पाठ होते.

टॅब शिकलो की नोटेशन शिकायची गरज नाही ना? टॅब म्हणजे शॉर्टकट आहे असंही लोक म्हणतात.

शॉर्टकट म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. टॅब काही इंटरनेटनं जन्माला घातलेली नाही. १५०७ मध्ये व्हेनिसला पेत्रुची नावाच्या मुद्रकानं ल्यूट या वाद्यासाठी टॅबचं पुस्तक छापलं होतं. १५३६ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात लुईस मिलान या वादकाचं विहुएलासाठीचं पुस्तक आलं. विहुएला हे गिटारच्या जवळचं वाद्य, आणि मिलानच्या टॅबमध्ये आजच्यासारखेच आकडे आणि वरची रेषा उंच सुराची. त्या काळी इटलीत मात्र रेषा उलट्या काढत, खालची रेषा उंच सुराची. म्हणजे आमच्या औशाच्या मुलानं टॅब वाचली तशी.

नोटेशनचं म्हणाल तर ते तुम्हाला कुठं जायचंय त्यावर आहे. पाश्चात्त्य शास्त्रीय गिटारच्या परीक्षा द्यायच्या असतील तर पाच रेषांची लिपी शिकावीच लागेल. कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात साथ करायची असेल तर टॅब, कॉर्ड आणि कान पुरतात. टक्स गिटार किंवा म्यूझस्कोर ही मोफत सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घेतली तर टॅबच्या वरच नोटेशन दिसतं आणि संथ गतीत वाजवूनही ऐकता येतं. रोज नजरेखालून गेलं की सुरांची लांबी दाखवणाऱ्या खुणा हळूहळू ओळखीच्या होतात.

रोज किती वेळ द्यायचा?

वीस मिनिटं, पण रोज. नीटची तयारी करणाऱ्या लेकरांना मी रात्री जेवणानंतरची पंधराच सांगतो. एका दिवसाला टॅबमधल्या दोन उभ्या रेघांमधला एकच तुकडा घ्या. संथ, इतका संथ की चूक करणं अवघड जावं. तीन वेळा सलग नीट आला की पुढचा. पहिले दोन-तीन आठवडे बोटांची टोकं दुखतात, मग तिथं घट्टे पडतात आणि दुखणं थांबतं.

टॅबच्या वर "कॅपो ३" किंवा "ड्रॉप डी" असं लिहिलेलं असतं ते?

ड्रॉप डी म्हणजे सहावी तार दोन फ्रेटइतकी खाली उतरवून पांढरी दोनला लावायची. ती सूचना न वाचता वाजवायला घेतलं तर जाड तारेवरचा प्रत्येक आकडा बेसूर लागेल. म्हणून टॅबच्या डोक्यावरची ओळ आधी वाचा.

कॅपो म्हणजे नेकवर लावायचा चिमटा. कॅपो असला की टॅबमधले आकडे त्याच्यापासून पुढं मोजायचे, ० म्हणजे कॅपोची जागा.

आमच्या मंडळात बुवा काळी दोनमध्ये गातात. पांढरी एकमधली टॅब मला चालेल का?

चालेल. पांढरी एक ते काळी दोन म्हणजे तीन पट्ट्या पुढं. तिसऱ्या फ्रेटला कॅपो लावा आणि टॅब आहे तशी वाजवा. काळी एक असेल तर कॅपो पहिल्याला.

बुवा काळी चारला गेले तर कॅपो आठव्या फ्रेटवर जाईल, हाताला जागा उरणार नाही आणि आवाजही चिरका होईल. तेव्हा पांढरी पाचमधला भूप घ्या आणि कॅपो पहिल्याला लावा:

```
१|------------------------|
२|------------------------|
३|----------------------०-|
४|--------------०---२-----|
५|------०---२-------------|
६|--३---------------------|
   सा  रे  ग   प   ध  सां
```

पहिल्या टॅबशी ताडून बघा. सगळं एक तार जाडीकडे सरकलंय, आकडे तेच आहेत, फक्त शेवटचा १ जाऊन ० आलाय. गिटार लावताना दुसरी तार तिसरीच्या चौथ्या फ्रेटवरून लावली होती, आठवतं? बाकी सगळ्या तारांत पाच पट्ट्यांचं अंतर, या दोघींत चारच. पहिल्या भूपात सां नेमका तिसरी तार ओलांडून दुसरीवर जात होता, म्हणून तिथं एक फ्रेट जास्त लागला. कोणतीही धून एका तारेवरून दुसरीकडे हलवताना तिसरी आणि दुसरी यांच्यामधून गेलात की हा एक फ्रेट वाढवायचा. आमच्या पेटीवाल्या काकांनी हे स्वतः शोधून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी चार अभंगांच्या चाली वहीत टॅबमध्ये उतरवून आणल्या, खाली मात्रांसकट.